डेनिसच्या घड्याळाचे झाकण

मी, इसिडोर पास्कोल मिस्किटा, धर्माने ख्रिस्ती, धंदा हाताने घड्याळाच्या केसी घडवणे (आता बंद), राहणार मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व, मुंबई ५९, वय सत्तरीला टेकलेले, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या ओट्यावर बसून माझ्याच हाताने लिहितो. माझी छाती गेली आहे, डोके गेलेले नाही. कोणी धमकावून, गोड बोलून किंवा दारू पाजून हे लिहून घेतलेले नाही. दारू डॉक्टरने बंद केली आहे, आणि माझी बायको पर्पेच्युआ गेल्यापासून या घरात गोड बोलणारे कोणी उरलेले नाही. पॅट्रिशियाने हे वाचून नाक मुरडू नये, ते माझ्याबद्दल लिहिले आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात अर्धे घर माझा मुलगा डेनिस याच्या नावे ठेवले होते, आणि तो परत येईपर्यंत मधली खोली कोणी उघडू नये अशी अट घातली होती. ते मृत्युपत्र मी आज रद्द करतो. एवढे एक वाक्य लिहायला मला सकाळपासून वेळ लागला.

कलम १. माझी माणसे. पर्पेच्युआ विषमज्वराने गेली. तिला दोन मुले झाली, डेनिस आणि पॅट्रिशिया. पॅट्रिशिया, तिचा नवरा सायमन आणि त्यांच्या दोन मुली माझ्याजवळच राहतात. पॅट्रिशिया पार्ल्याला बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटे भरते आणि घरी येऊन माझे करते. दोन्हीकडे तिच्या डोक्यावर खेकसणारा माणूस आहे, घरी तो मी. सायमन भला माणूस आहे. त्याच्याबद्दल तक्रार करावी असे काही मला सापडले नाही, आणि शोधले नाही असे नव्हे.

कलम २. घर. हे कौलारू घर माझ्या बापाने बांधले. वाटणीत विहिरीकडचा भाग मला आला, चिंचेकडचा माझा धाकटा भाऊ क्लेमेंट याला. आमचे भाताचे शेत होते, ते कारखान्यांच्या वसाहतीत गेले. त्याचे जे मिळाले ते दोघांनी सारखे वाटून घेतले, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. म्हणणे शिडीबद्दल आहे. क्लेमेंटने कौले परतायला माझी बांबूची शिडी नेली ती नेलीच. ती शिडी मी त्याला या मृत्युपत्राने देत नाही. का देत नाही ते शेवटी कळेल. ती त्याच्याकडे आहे, एवढेच नोंदवतो.

माझ्या भागाचे सगळे घर, म्हणजे ओटा, पुढची खोली, मधली खोली आणि स्वयंपाकघर, मी माझी मुलगी पॅट्रिशिया हिला देतो. मधल्या खोलीसह, हे मुद्दाम पुन्हा लिहितो. त्या खोलीला डेनिस गेल्यापासून कुलूप आहे. पॅट्रिशियाच्या मुली इतकी वर्षे स्वयंपाकघरात चुलीशेजारी झोपल्या, धाकटीला धुराने खोकला जडला, तरी मी चावी दिली नाही. मी देवळात गेलो की पॅट्रिशिया दुसऱ्या चावीने खोली उघडते, गादीला ऊन दाखवते आणि मी यायच्या आत कुलूप लावते. मला हे ठाऊक नाही असे तिला वाटते. बाय, मला ठाऊक होते. गादीला उन्हाचा वास यायचा.

कलम ३. हत्यारे. कोर्टातल्या ज्या साहेबांपुढे हा कागद जाईल त्यांना आमचा धंदा माहीत असायचे कारण नाही, म्हणून थोडे लिहितो. घड्याळ म्हटले की लोकांना आतले यंत्र आठवते. आमच्या काळी यंत्र परदेशातून उघडेवाघडे यायचे. त्याला अंग आम्ही द्यायचो, त्या अंगालाच केस म्हणतात. मी फोर्टमध्ये एका पारशी शेटच्या कारखान्यात कामाला होतो. पत्रा कापायचा, कडे वळवायचे, झाळ द्यायची, पट्टा अडकवायचे कान लावायचे, मग लेथवर यंत्राची बैठक काढायची. यंत्र आत हलता कामा नये आणि आवळताही कामा नये.

सगळ्यात शेवटी मागचे झाकण. त्यात माणसाची परीक्षा. केसीच्या काठावर झाकण ठेवून अंगठ्याने दाबले की टक असा आवाज आला पाहिजे. तो आला की धूळ नाही, पाणी नाही, घाम नाही, आत काही जात नाही. हाताने केलेले झाकण एकाच केसीचे असते. बाकावर शंभर केसी पडल्या असल्या आणि वरून सगळ्या सारख्या दिसल्या, तरी ते आपल्या केसीवर बसते, शेजारणीवर नाही. म्हणून आम्ही आमची खूण झाकणाच्या आतल्या बाजूला करत असू, केसीच्या अंगावर नाही. माझी खूण मासळीची होती.

मग सोन्याचा कायदा आला. चौदा कॅरेटच्या वर हात लावायचा नाही म्हणाले, आणि आमच्या सोन्याच्या केसी एका फटक्यात संपल्या. काही दिवस चांदीवर काढले. पुढे तयार घड्याळे बाजारात आली, शटर पडले, आणि मी लेथ घरी आणून ओट्यावर मांडला. गिऱ्हाईक यायचे ते पट्टा बदलायला. केस हाताने करतात हे सांगितले तर हसायचे.

ही हत्यारे मी बळवंत कारेकर याला देणार होतो. बळवंत माझा कारखान्यातला जोडीदार, राहणार कांजूरमार्ग. मी केस घडवायची आणि त्याने तिला पॉलिश द्यायचे, असे आमचे आयुष्य गेले. पण वकिलाने सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. बळवंत म्हणाला, "मग हत्यारं राहू देत, मी साक्षीला बसतो." तो असे का म्हणाला ते कलम ५ मध्ये आहे. तेव्हा लेथ, कानशी, चिमटे आणि भिंग मी घाटकोपरचा भीमराज याला देतो. त्याचे चष्मे दुरुस्तीचे दुकान आहे आणि तो माझ्याकडून झाळ द्यायला शिकून गेला होता. त्याने त्यावर चष्म्याच्या काड्या जोडल्या तरी चालतील. फक्त लेथला तेल घालावे.

कलम ४. डेनिस. डेनिसला माझा धंदा नको होता. "पपा, झाकणं दाबत जन्म काढू काय?" असे तोंडावर म्हणाला. मी म्हटले, "मग काय करशील, बोटीवर जाशील?" मी बोलायला आणि त्याने ऐकायला एक गाठ पडली. तो खरेच बोटीवर लागला, इंजिनाला तेल घालायच्या कामावर.

तो जायचा म्हणून मी त्याच्यासाठी चांदीची केस करायला घेतली. रागाने घेतली होती, पण काम चांगले उतरले. बळवंतने पॉलिश दिले. झाकणाच्या आत मला माझ्या मासळीऐवजी त्याच्या आईचे नाव कोरायचे होते. पर्पेच्युआ. झाकण रुपयाएवढे आणि नाव हे एवढे लांब. अक्षरे मावेनात, म्हणून मी पुसून पुसून सावकाश कोरत होतो. तेवढ्यात बोटीचा निरोप ठरल्या दिवसाच्या आधीच आला.

डेनिस पेटी घेऊन ओट्यावर उभा. म्हणाला, "राहू दे ना पपा, आल्यावर बसव."

"उघडं घड्याळ घेऊन जातोस, शहाण्या?"

"मग दुसरं काहीतरी लाव. उशीर होतोय रे."

मी डब्यातले तयार स्टीलचे झाकण उचलले, बाजारात डझनाने मिळते तसले. ते चांदीच्या काठावर जाईना. लाकडी ठोकळा ठेवून वरून ठोकले, तेव्हा घट्ट बसले. त्याने घड्याळ कानाला लावले, हसला, मनगटावर बांधले. पायरी उतरताना म्हणाला, "येतो रे म्हाताऱ्या." मी मान वर केली नाही. मला त्याच्या आईचे नाव पुरे करायचे होते.

दोन वर्षांनी त्या बोटीच्या इंजिनात आग लागली. कंपनीचा माणूस आमच्या घरी पुडके घेऊन आला. त्यात एक शर्ट, एक जपमाळ आणि झोपायच्या जागी खिळ्याला टांगलेले सापडले म्हणून एक घड्याळ होते. माणूस हाती लागला नाही, असे तो म्हणाला. बिचारा खाली बघूनच बोलत होता.

मी घड्याळ उचलले. घड्याळाचे स्टीलचे झाकण काढले, खणातून माझे चांदीचे आणले आणि दाबले. टक झाले नाही. झाकण बसले, पण धरेना. केस उलटी केली तर मांडीवर पडले. पुन्हा दाबले, पुन्हा पडले. माझ्या जिवात जीव आला. होय, तसेच लिहितो, जिवात जीव आला. मी त्या माणसाला म्हटले, "हे माझ्या मुलाचं घड्याळ नव्हे. तुमची काहीतरी गफलत झालीय. दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जायचं ते इथं आणलंत."

पॅट्रिशिया शर्ट पोटाशी धरून बसली होती. "पपा, हे बटण मी लावलंय. हिरव्या दोऱ्यानं. पांढरा दोरा संपला होता. माझा हात मला कळत नाही काय?"

"शर्ट कोणीही कोणाला देतो," मी म्हटले. "झाकण खोटं बोलत नाही."

क्लेमेंटने देवळात डेनिसच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितली, मी गेलो नाही. मग त्याने कबरस्थानात आमच्या घराण्याच्या क्रुसावर डेनिसचे नाव कोरून घेतले, मला न विचारता. मी फादरच्या देखत त्याची कॉलर धरली. "खाली कोण आहे? दाखव ना! माती आहे खाली, नुसती माती!" तो म्हणाला, "दादा, पोराच्या नावाला कुठं तरी जागा नको काय रे?" त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. तो विहिरीवर आला की मी घागर तशीच ठेवून आत जातो. मृतांच्या दिवशी पॅट्रिशिया त्या नावाखाली मेणबत्ती लावायची, आणि ती वळली की मी विझवायचो. जिवंत माणसाला मेणबत्ती लावतात काय?

मी ऐकले होते की बोटीवरची माणसे भलत्याच बंदरात उतरतात, तिथेच लग्ने करतात, तुरुंगात पडतात, काहींना तर नावगावही आठवत नाही. तसे काहीतरी झाले असेल. एक दिवस तो ओट्यावर येईल, मनगटावर घड्याळ असेल, मी स्टीलचे झाकण काढेन आणि माझे दाबेन. त्या एका आवाजासाठी मी खोली बंद ठेवली.

कलम ५. बळवंतने काय पाहिले. गेल्या आठवड्यात मी बळवंतला हत्यारे निवडायला बोलावले. कानशी चाळता चाळता त्याचा हात खणातल्या फडक्याला लागला. मी "ते ठेव" म्हणेपर्यंत त्याने फडके उलगडले होते. ते घड्याळ मी आजवर फादरला दाखवले, वकिलाला दाखवले, पोस्टमनलाही दाखवले, आणि झाकण कसे पडते ते करून दाखवले. सगळ्यांनी मान डोलावली. आमच्या धंद्यातल्या एकाही माणसाला मी ते दाखवले नव्हते. हे मला आता लिहिताना दिसते आहे.

बळवंतने सवयीने झाकण दाबले. पडले. त्याने भिंग डोळ्याला लावले आणि केस दाराच्या उजेडात फिरवली.

"काठ दबलाय," तो म्हणाला. "ह्याच्यावर काय बसवलं होतंस?"

"स्टीलचं."

"ठोकून?"

"ठोकून."

त्याने भिंग खाली केले. "चांदीच्या काठावर स्टील ठोकलंस. वर ते इंजिनाच्या धडधडीत राहिलं. काठ दबणारच, झिजणारच. मग तुझं झाकण धरेल कसं? इसिडोर, हे मी तुला सांगायला पाहिजे काय रे?"

"तसल्या केसी त्या वर्षी पुष्कळ केल्या मी. दुसऱ्या कोणाची असेल."

बळवंतने केस उलटी केली आणि खालच्या कानाच्या बगलेत नख ठेवले. "इथं माझं पॉलिशचं चाक पोचलं नव्हतं. पोराच्या केसीत कामचुकारी करतोस म्हणून तू मला आईबापावरून शिव्या घातल्या होत्यास. आठवतं? बघ. तसंच आहे अजून."

मी भिंग लावून पाहिले. बगलेत एक करडा ठिपका होता, पॉलिश न लागलेला. त्या शिव्या मला शब्दन् शब्द आठवल्या.

मी रडलो. बळवंत समोर होता, पॅट्रिशिया दारात होती, तेव्हा लपवून काय डोंबल होणार? ज्या दिवशी पुडके आले त्या दिवशी रडायचे राहिले होते, ते सगळे रडलो. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातला बाप असता तर त्याला हिरव्या दोऱ्यावरून कळले असते. मी केसवाला, मी झाकणाला विचारत बसलो. आणि झाकण मला हवे तेच बोलत होते, म्हणून मी दुसऱ्या कोणाला विचारले नाही. माझा डेनिस मेला. पोरगा माझा मेला, आणि मी त्याला साधी मेणबत्ती लावू दिली नाही.

पॅट्रिशिया आत येऊन माझ्याजवळ बसली. "असू दे पपा," एवढेच म्हणाली. बळवंतने डोळे पुसले आणि म्हणाला, "ही केस डेनिसची, हे सांगणारा जगात मी एकटा. मला साक्षीलाच बसव."

कलम ६. हे कलम मृत्युपत्रात बसते की नाही मला ठाऊक नाही, कारण ते मी मेल्यानंतरचे नाही, येत्या शनिवारचे आहे. शनिवारी मृतांचा दिवस आहे. त्या दिवशी डेनिसचे घड्याळ, त्याच्या आईचे नाव कोरलेल्या झाकणासह, आमच्या क्रुसाखाली डेनिसच्या नावापाशी पुरावे. तिथे नुसती माती आहे असे मी ओरडलो होतो. आता तिथे काहीतरी असू दे. खड्डा क्लेमेंटने खणावा, माझ्याने खणवणार नाही. मेणबत्ती पॅट्रिशियाने लावावी. मी ती विझवणार नाही.

मी गेल्यावर मला त्याच क्रुसाखाली ठेवावे. बापाचे नाव वर आणि मुलाचे खाली अशी रीत आहे, पण ती मोडावी. डेनिस आधी गेला. माझे नाव त्याच्या खाली कोरावे, आणि लहान अक्षरांत.

कलम ७. पोस्टात जी शिल्लक असेल ती पॅट्रिशियाची, दफनाचा खर्च तीतून करावा. बँड लावू नये. पर्पेच्युआची जपमाळ थोरल्या नातीला, पितळेचा तांब्या धाकटीला. मधल्या खोलीची चावी मी मृत्यूपर्यंत थांबवत नाही, ती आत्ताच या कागदावर ठेवली आहे. पॅट्रिशियाने हे वाचायच्या आधी ती उचलावी. मुलींची अंथरुणे आज त्या खोलीत पडली पाहिजेत, माझे ऐकायचे असेल तर.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा भाऊ क्लेमेंट पास्कोल मिस्किटा याने करावी. तो माझ्याइतकाच हट्टी आहे, म्हणून काम पुरे करील. त्याला मी यात काहीही देत नाही, शिडीसुद्धा नाही, कारण दुसरा साक्षीदार मला तोच पाहिजे, आणि ज्याला काही मिळते त्याला सही करता येत नाही. क्लेमेंट, हे वाचशील तेव्हा समज. पोराच्या नावाला जागा तू दिलीस. मी तुझी कॉलर धरायला नको होती.

लिहून झाले. पॅट्रिशिया चिंचेकडच्या घरी त्याला बोलवायला गेली आहे. येईल की नाही सांगता येत नाही. त्याच्या जागी मी असतो तर आलो नसतो. केसीचा दबलेला काठ मी आज माझ्या हाताने उचलला, बळवंतने भिंग धरले. काम चांगले उतरले. झाकण अजून दाबलेले नाही. ते केसीशेजारी टेबलावर ठेवले आहे. सही झाली की दाबणार, क्लेमेंट आला तर त्याच्या समोर.

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व, मुंबई ५९
सोमवार, २८ ऑक्टोबर १९७४

इसिडोर पास्कोल मिस्किटा
(सही)

आम्ही दोघे हजर असताना इसिडोरने वरील सही केली. तो शुद्धीवर होता आणि नेहमीसारखाच चिडचिडा होता.

साक्षीदार पहिला:
बळवंत कारेकर, राहणार कांजूरमार्ग, धंदा पॉलिशवाला. केस डेनिसचीच आहे. पॉलिश मी दिले होते.
(सही)

साक्षीदार दुसरा:
क्लेमेंट पास्कोल मिस्किटा, राहणार सदर, इसिडोरचा भाऊ. सही माझ्यासमोर झाली. त्यानंतर दादाने झाकण दाबले. टक असा आवाज झाला. तो मी ऐकला.
(सही)